शाईचं पेन नीट चालवायचं असेल तर

शाईच्या पेनात शाई ढकलणारं काहीही नसतं. निबखाली जी काळी, खाचांची पट्टी दिसते ती जीभ. जिभेवरच्या केसाएवढ्या खाचेतून शाई आपल्या ओढीनेच निबकडे सरकते आणि जेवढी शाई बाहेर गेली तेवढी हवा मागे टाकीत शिरते. हवेला आत जाता आलं नाही तर टाकी काठोकाठ भरलेली असूनही शाई बाहेर येत नाही. निबच्या मधली चीर टोकाकडे अरुंद होत जाते, म्हणून शाई टोकापर्यंत पोहोचते आणि तिथे थांबते. पुढचं काम कागदाचं: टोक टेकलं की तो शाई ओढून घेतो. लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली ज्या जिभेचं पेटंट घेतलं ती याच तत्त्वावर चालायची आणि आजची पेनंही तशीच चालतात.

एवढं ध्यानात असलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. रेघ जाड आली, शाई फुटली, पेन मध्येच कोरडं पडलं, तर दोष एकट्या पेनाचा क्वचितच असतो. कागद, शाई, निब आणि जीभ या चौघांत कुणाचं तरी कुणाशी जमलेलं नसतं. म्हणून पेन निवडताना काय किंवा बिघाड शोधताना काय, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलायला जी सर्वांत सोपी ती आधी बदला.

आधी कागद

नवीन पेन घेणारा माणूस आधी पेन बघतो, मग शाई, आणि कागद मात्र हाताशी येईल तो. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. कारण पेन आणि शाई आपल्या पसंतीची घेता येते. छापील अर्ज, उत्तरपत्रिका, कार्यालयातला झेरॉक्सचा कागद मात्र समोर येईल तो घ्यावा लागतो. त्यावर जे चालेल तेच रोजचं पेन.

कागदाच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक वजन, म्हणजे जीएसएम (एक चौरस मीटर कागद किती ग्रॅमचा). दुसरी खळ, म्हणजे कागद करताना शाई झिरपू नये म्हणून दिलेला लेप. लोक जीएसएमवर अडून बसतात, पण शाईच्या पेनासाठी खळ जास्त मोलाची. तोमोए रिव्हर हा जपानी कागद अवघा ५२ जीएसएमचा मिळत असे, मागची अक्षरं त्यातून सहज दिसत, तरी शाई त्यावर फुटत नसे. उलट १०० जीएसएमचा कागदही खळ कमी असेल तर टीपकागदासारखा वागतो.

कागद तपासायला तीन खुणा पुरतात. दहा सेंटिमीटरची एक सरळ रेघ ओढा. तिच्याखाली ‘क्ष, थ, भ, ळ’ नेहमीच्या आकारात लिहा. मग निब एकाच जागी तीन सेकंद टेकवून ठिपका काढा. शाई पूर्ण वाळली की बघा. रेघेच्या कडेने बारीक केस निघाले असतील तर शाई फुटते आहे. ठिपका मागच्या बाजूला उतरला असेल तर शाई पाझरते आहे. मागून नुसती सावली दिसत असेल तर कागद पातळ आहे, इतकंच. त्यावर शाईचा काही इलाज नाही, पानाची एकच बाजू वापरा.

फुटणाऱ्या कागदावर लिहिणं भागच असेल तर निब बारीक घ्या आणि शाई कमी वाहणारी. गुळगुळीत, भरपूर खळ दिलेल्या कागदाची अडचण वेगळी. त्यावर शाई उठून दिसते, छटा सुंदर येतात, पण वाळायला अर्धा मिनिटसुद्धा लागू शकतो. भराभर पानं उलटून लिहायचं असेल तर हा कागद त्रासच देईल.

निबची जाडी

निबवर ईएफ, एफ, एम, बी अशी अक्षरं कोरलेली असतात: अतिबारीक, बारीक, मध्यम, जाड. रेघेची जाडी साधारणपणे ईएफला ०.४, एफला ०.५ ते ०.६, एमला ०.७ ते ०.८ आणि बीला १ मिलिमीटर धरा. ‘साधारणपणे’ हा शब्द इथे खरोखर मोजून वापरला आहे, कारण सगळ्या कंपन्यांना बांधील असं एकच माप नाही. जपानी निबा युरोपीय निबांपेक्षा साधारण एक पायरी बारीक असतात. पायलटची एम पुष्कळदा युरोपीय एफच्या जवळ जाते. शिवाय तीच निब ओल्या, म्हणजे जास्त वाहणाऱ्या, शाईत आणि मऊ कागदावर एक पायरी जाड लिहिते.

देवनागरीसाठी निब निवडताना इंग्रजी अक्षरांवरून दिलेले सल्ले जसेच्या तसे घेऊ नका. आपल्या लिपीत गाठी आहेत. ‘थ’, ‘भ’, ‘क्ष’, ‘श्र’ यांतली गाठ किंवा पोट बुजलं की अक्षर वाचायला त्रास होतो, आणि जोडाक्षरं, रफार, मात्रा, अनुस्वार हे सगळं थोड्याशा जागेत बसवायचं असतं. शिरोरेघेपासून पायापर्यंत तुमचं अक्षर ४ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर जपानी एफ किंवा युरोपीय ईएफच्या पुढे जाऊ नका. ५ ते ६ मिलिमीटरचं मोकळं अक्षर असेल तर एम शोभून दिसते. बी सहीला आणि पाकिटावरच्या पत्त्याला ठीक.

दुसरी गोष्ट शिरोरेघेची. शब्द पूर्ण लिहून मग वरून रेघ ओढण्याची सवय असेल तर निब त्या अक्षरांच्या ओल्या माथ्यांवरून जाते आणि जास्त शाई सोडणारं पेन तिथे छोटे डाग करतं. अशा हाताला बेताचा प्रवाह असलेलं पेन बरं. याउलट फारच कोरड्या पेनाची खूण म्हणजे अनुस्वार न उमटणं. ठिपक्याला निब क्षणभरच टेकते. तेवढ्यात शाई पोहोचली नाही तर ‘अंक’चा ‘अक’ होतो.

कटनिब, म्हणजे टोक आडवं छाटलेली निब, बाजारात बहुधा १.१ किंवा १.५ मिलिमीटरची मिळते. तिने उभ्या-आडव्या रेघांच्या जाडीत फरक पडतो. पण देवनागरीच्या बोरूचा तिरपा काप रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट दिशेचा असतो, त्यामुळे सरळ छाटलेली निब नेहमीसारखी धरून लिहिली तर जाड-बारीकपणा भलत्याच जागी येतो. पेन बोटांत थोडं फिरवून निबची कड उलट्या दिशेने तिरकी धरावी लागते. सुलेखनाची आवड असेल तर ही खटपट जरूर करा; रोजच्या टिपणांना गोल टोकाचीच निब घ्या.

सोन्याच्या निबविषयी थोडक्यात. १४ कॅरेटच्या निबवर ५८५ आणि १८ कॅरेटच्या निबवर ७५० असा छाप असतो. तो सोन्याचं हजारी प्रमाण सांगतो. सोनं गंजत नाही, हा खरा फायदा. पण कागदाला टेकतो तो टोकावर जोडलेला कठीण मिश्रधातूचा बारीक मणी, आणि तो चांगल्या स्टीलच्या निबवरही असतोच. निब किती गुळगुळीत चालेल हे त्या मण्याच्या घासणीवर ठरतं. सोन्याची निब लवचीक असतेच असंही नाही. लवचीकपणा पात्यांच्या, म्हणजे चिरेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या, आकारावर आणि जाडीवर असतो. पहिलं पेन म्हणून स्टीलचीच निब घ्या.

घेण्याआधी निब दहापट भिंगाखाली समोरून बघा. चिरेच्या दोन्ही बाजूंचे मण्याचे अर्धे भाग एका पातळीत हवेत. एक वर, एक खाली असेल तर पेन एका दिशेने लिहिताना खरवडणार. मग निब उजेडासमोर धरा. निबवरच्या छिद्रापासून टोकाकडे चीर निमुळती होत जाणं योग्य. टोकाशी फट रुंद झालेली दिसली तर ती निब नको. शाईत बुडवून लिहून बघायला दिलं तर इंग्रजी आठ, दोन्ही दिशांनी गोल आणि एक लांब शिरोरेघ काढा. इथे एक फसगत होते: बुडवलेली निब पहिल्या काही ओळी नेहमीपेक्षा ओल्या लिहिते. त्यावरून गुळगुळीतपणा कळेल, प्रवाह कळणार नाही.

सुरुवातीला पायलट काकुनो, प्लॅटिनम प्रेपी आणि लॅमी सफारी ही तीन नावं डोळे झाकून सांगता येतात. प्रेपीच्या टोपणात स्प्रिंगवरचं आतलं झाकण असतं, त्यामुळे आठवड्यांनी उघडलं तरी ती बहुधा लगेच लिहिते. सफारी १९८० पासून बाजारात आहे आणि तिची निब चिकटपट्टी लावून पुढे ओढली की निघते, म्हणजे एकाच पेनाला वेगळ्या जाडीच्या निबा बसवता येतात. तिची पकड मात्र त्रिकोणी घाटाची आहे. पेन थोडं फिरवून धरायची सवय असेल तर ती बोटाला टोचेल, म्हणून हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका.

शाई कशी भरायची

कार्ट्रिज, म्हणजे शाई भरूनच मिळणारी छोटी नळी, सगळ्यात सोपं. लहान आंतरराष्ट्रीय कार्ट्रिजमध्ये पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई मावते, लांबात जवळजवळ दुप्पट. पायलट, प्लॅटिनम, सेलर, लॅमी, पार्कर यांची कार्ट्रिजं आपापल्या घाटाची, एकमेकांत बसत नाहीत. जबरदस्तीने बसवलेलं कार्ट्रिज गळतं. नवीन कार्ट्रिज बसवल्यावर निब खाली करून दहा-पंधरा मिनिटं पेन उभं ठेवा. कोरड्या जिभेला शाई भिनायला तेवढा वेळ लागतोच. पेन झटकून काही साधत नाही.

कन्व्हर्टर म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणारा छोटा पिचकारीवजा नळा. तो मळसूत्राचा असेल तर आधी खाली फिरवून हवा काढा. निब पूर्ण बुडेल आणि पकडीची कडही किंचित शाईत जाईल इतकं पेन दौतीत घाला. निबवरचं छिद्र शाईच्या वर राहिलं तर शाईऐवजी हवाच ओढली जाईल. सावकाश वर फिरवा, पाच सेकंद तसंच धरा, पुन्हा खाली करून वर फिरवा. पहिल्या खेपेला आत राहिलेली हवा दुसऱ्या खेपेला निघते. पेन दौतीबाहेर काढून दोन-तीन थेंब परत दौतीत सोडा आणि निब वर करून उरलेली चक्री फिरवा, म्हणजे जिभेतली जास्तीची शाई मागे जाईल. हे शेवटचं काम पुष्कळ जण गाळतात आणि मग पहिल्या ओळीतच डाग पडतो. निब आणि पकड मऊ कागदाने पुसा. चिरेवर कापड घासू नका, धागा अडकतो.

कन्व्हर्टरमध्ये शाई दिसते पण पेन चालत नाही, ही तक्रार नेहमीची. शाई मागच्या टोकाला चिकटून बसलेली असते आणि पुढे हवेचा बुडबुडा. तात्पुरती टिचकी मारा. कायमचा उपाय म्हणजे कन्व्हर्टर काढून, एका वाटी पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून त्या पाण्याने धुणं आणि मग साध्या पाण्याने चांगलं खळबळणं. कारखान्यातला तेलकटपणा निघाला की शाई काचेवरून घसरावी तशी उतरते.

पिस्टनचं पेन, म्हणजे शेपूट फिरवून थेट नळीत शाई ओढणारं, पेलिकनने १९२९ मध्ये बाजारात आणलं. यात शाई जास्त मावते, पण धुवायला वेळ लागतो. सतत शाई बदलणाऱ्याने ते घेऊ नये.

ड्रॉपरने नळीत सरळ शाई ओतायची पेनं अजूनही सर्वांत जास्त शाई धरतात, दोन ते चार मिलिलिटर. प्रेपीसारख्या प्लॅस्टिकच्या पेनालाही ड्रॉपरचं करता येतं, अट एवढीच की नळीला कुठे भोक नसावं आणि आत धातू नसावा. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा, हवं तर पकडीच्या बुडाशी रबरी कडी घाला, नळी पाऊण भरा आणि हाताने घट्ट होईल तेवढीच फिरवा. पेट्रोलियम जेली वापरू नका, ती रबरी कडी फुगवून सैल करते. ड्रॉपरच्या पेनाची खोड अशी: शाई तिसऱ्या हिश्श्याखाली गेली की नळीत हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि निबमधून शाईचा थेंब बाहेर ढकलते. पेन गळकं नसतं. शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली की पुन्हा भरा.

शाईची जात ओळखा

दौतीवरचा रंग बघण्याआधी शाई कशाची आहे ते बघा, कारण पेनाचं आयुष्य त्यावर आहे.

बहुतेक शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या असतात. त्या पेनाला निर्धोक आणि धुवायला सोप्या. वॉटरमनची निळी, पेलिकन ४००१ मालिकेतली रॉयल ब्लू, पायलट इरोशिझुकू यांतली कोणतीही शाई नवीन पेनात बिनघोर घाला. उणीव एकच. पाणी पडलं की अक्षर जातं, आणि रॉयल ब्लू तर उन्हात फिकीही होते. दस्तऐवजाला ती वापरू नका.

लोहशाई, म्हणजे टॅनिन आणि लोहाचा क्षार यांची शाई, कागदावर उतरल्यावर हवेने काळवंडते. लिहिताना दिसावी म्हणून तिच्यात निळा रंग मिसळलेला असतो. पुढे रंग उडाला तरी काळी खूण कागदाच्या धाग्यांत राहते. प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक, पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक आणि डायमाइनची रजिस्ट्रार्स इंक या जातीच्या. हलक्या कागदावर त्या सहसा फुटत नाहीत, हा त्यांचा कमी सांगितला जाणारा गुण. पण त्या आम्लधर्मी असतात. पेन रोज वापरात असू द्या आणि चार ते सहा आठवड्यांनी धुवा. लोहशाईचं पेन खणात टाकून विसरलात तर स्टीलची निब गंजते आणि जिभेत काळा गाळ बसतो.

तिसरी जात सूक्ष्म रंगकणांची: प्लॅटिनम कार्बन ब्लॅक, सेलरची किवागुरो. पाण्याने हलत नाहीत, उन्हाने उडत नाहीत. मात्र आत वाळले तर ते कण पाण्यात पुन्हा विरघळत नाहीत. झाकण घट्ट बसणारं, रोज चालणारं पेन असेल तरच घ्या. चमकी असलेल्या शाईलाही हाच नियम लावा. ती भरण्याआधी दौत हळूहळू उलटी-सुलटी करा, कारण चमकी तळाशी बसते, आणि निब एम किंवा त्याहून जाड ठेवा.

आता जी कधीच घालायची नाही ती: चित्रकलेची काळी इंडिया इंक, किंवा टाकाने लिहायची लाखेची शाई. तिच्यातली लाख जिभेच्या खाचेत वाळते आणि पेन बहुधा कायमचं बंद पडतं. दौतीवर ‘फाउंटन पेनसाठी’ असं लिहिलेलं नसेल तर ती टाकासाठी ठेवा.

दोन शाया एकत्र करायच्या तर आधी छोट्या काचेच्या बाटलीत पाच-पाच थेंब मिसळा आणि किमान एक दिवस ठेवा. तळाशी गाळ, कडेला गुठळ्या किंवा वर तवंग दिसला तर विषय संपला. एक आम्ल आणि दुसरी अल्कली असली की असं होतं. नूडलर्सची बेस्टेट ब्लू तर याबाबतीत फारच नाजूक आहे: ती दुसऱ्या कुठल्याच शाईत मिसळू नये, वर ती प्लॅस्टिकला डागही पाडते. एकाच कंपनीच्या दोन शायाही आपोआप जमतील असं धरू नका.

दौत उघडल्यावर वास कुबट येत असेल किंवा पृष्ठभागावर पांढुरके तंतू तरंगत असतील तर ती बुरशी. गाळून वापरण्याचा मोह होतो. तो आवरा, दौत टाकून द्या आणि ती शाई ज्या पेनात गेली ते सगळं धुवा. बुरशी टाळायची तर लिहिलेलं पेन तसंच दौतीत बुडवण्याऐवजी लागेल तेवढी शाई वेगळ्या छोट्या बाटलीत काढून तिच्यातून भरा. दौत अंधाऱ्या जागी ठेवा.

हातात कसं धरायचं

बॉलपेनची सवय असलेला हात दाबून लिहितो, कारण बॉल फिरवायला दाब लागतो. इथे तो नुसता नको असं नाही, तो निब बिघडवतो. दाबाने पाती फाकतात, प्रवाह वाढतो आणि कालांतराने चीर तशीच उघडी राहते. पेन कागदाशी ४० ते ५५ अंशांत धरा, निबची कोरलेली बाजू आकाशाकडे, आणि पेनाच्या स्वतःच्या वजनाने रेघ उमटते का बघा. दाब तपासायला पानाखाली दोन कोरी पानं ठेवून अर्धं पान लिहा. खालच्या पानावर खोबण उठली तर दाब जास्त आहे.

पेन बोटांत फिरलं की मण्याची कड कागदाला लागते आणि पेन खरखरतं. नवीन निब खरवडते अशी शंका आली तर आधी हेच बघा. टोपण मागे लावायचं की नाही हा ज्याच्या-त्याच्या हाताचा प्रश्न. लहान पेनाला लावल्याने तोल येतो, लांब पेन मागे जड होतं.

डावखुऱ्यांनी हात ओळीच्या खाली ठेवून लिहायची सवय लावली तर ओली अक्षरं पुसली जाणं बरंच कमी होतं. ते जमत नसेल तर बारीक गोल निब आणि लवकर वाळणारी शाई घ्या. कटनिब त्यांना ढकलत न्यावी लागते, म्हणून ती अडते.

धुणं

शाई बदलताना, आणि एकच शाई चालू असेल तरी दीड-दोन महिन्यांतून एकदा, पेन धुवा. पाणी साधं, खोलीच्या तापमानाचं. गरम पाण्याने प्लॅस्टिक आणि सेल्युलॉइड वाकतं. स्पिरिट आणि नेलपॉलिशचा रिमूव्हर पेनाच्या जवळ आणू नका, दोन्ही प्लॅस्टिक खातात. कार्ट्रिज किंवा कन्व्हर्टर काढून पकडीच्या मागच्या तोंडाला रबरी फुगा लावा आणि पाणी जिभेतून आरपार ढकला. चक्री फिरवून वीस वेळा जे होतं ते फुग्याने तीन-चार दाबांत होतं. पाणी स्वच्छ आल्यावर निब खाली करून मऊ कागदावर रात्रभर उभी ठेवा. सकाळी कागदावर रंगाचा डाग असेल तर अजून शाई आत आहे.

वाळलेल्या शाईसाठी पकड आणि निब पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. त्याने भागलं नाही तर दहा भाग पाणी, एक भाग घरगुती अमोनिया आणि साबणाचा एक थेंब, पंधरा-वीस मिनिटं, मग भरपूर पाणी. पितळी भाग अमोनियात जास्त वेळ ठेवू नका, आणि अमोनिया ब्लीचजवळ कधीही नेऊ नका. दोन्हींच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो. एबोनाइटची (कडक रबराची) जुनी पेनं पाण्यात भिजवली की तपकिरी-हिरवट पडतात, केसीनची (दुधातल्या प्रथिनाच्या प्लॅस्टिकची) तर फुगून वाकतात. त्यांची फक्त निब पाण्यात बुडवा, नळी कोरडी ठेवा. जुन्या पेनात आत रबरी पिशवी असेल तर ती कडक झाली आहे का ते बघा. कडक पिशवीचं पेन भरायचा खटका दाबू नका, ती फुटेल.

पेन बिघडलं तर

खात्री केल्याशिवाय निबला हात लावू नका. आधी कागद बदला. मग पेन धुवा. मग नेहमीची निळी शाई घालून बघा. एवढं करूनही तक्रार राहिली तरच निबकडे वळा.

टोपण काढल्यावर पहिला फराटा उमटत नाही, पण नंतर पेन चांगलं चालतं, याची कारणं दोन. टोपण हवा कोंडत नसेल तर टोकाशी शाई वाळते. हे तपासायला पेन भरून, टोपण लावून आठवडाभर आडवं ठेवा. आठव्या दिवशी तीन रेघांत सुरू झालं तर टोपण ठीक. टोपण ठीक असूनही अडत असेल तर मणी जरुरीपेक्षा जास्त गोल घासला गेलेला असतो: चिरेच्या दोन्ही कडा आतून गोल झाल्याने शाई कागदापासून किंचित वर लटकते. जास्त ओल्या शाईने यावर बऱ्याचदा निभावतं.

लिहिता लिहिता पान दोन पानांनी रंग फिका पडत जातो आणि पेन थांबतं, याचा अर्थ हवा मागे जात नाही. कन्व्हर्टर काढून पुन्हा बसवला की चालू होतं ना? मग जीभ धुवा, तिच्या खाचेत तंतू अडकला असेल. पेन सुरुवातीपासूनच फिकं, कोरडं लिहीत असेल तर चीर फार घट्ट आहे. ०.०५ मिलिमीटरची पितळी पट्टी छिद्राकडून टोकाकडे दोन-तीनदा हलक्याने सरकवा, पट्टी पिळू नका. एवढ्याने थोडी वाट मोकळी होते, आणि तेवढंच करून लिहून बघा.

एकाच दिशेने खरखर होत असेल तर भिंगाखाली पाती बघा. जे पातं खाली आहे ते नखाने हलकेच वर उचला, क्षणभर धरा, सोडा, पुन्हा बघा. इथे घाई केली की दुसरं पातं खाली जातं आणि खेळ लांबतो. पाती बरोबर असूनही खरखर राहिली तरच घासणीचा कागद, तोही १२,००० क्रमांकाचा, आणि त्यावर दाब न देता आठच्या आकाराचे पाच-सहा फेरे. जास्त घासलात तर मण्याचा आकार जातो आणि तो परत आणता येत नाही. निबच्या वरच्या बाजूला शाईचा पातळ ओघळ दिसतो त्याची चिंता नको. पुष्कळ निबांवर तो येतो आणि पेनाला त्याने काही होत नाही.

विमानात नेताना पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या आणि निब वर ठेवा. अर्धवट भरलेल्या टाकीतली हवा वर गेल्यावर फुगते. महिनाभर हात लागणार नसेल तर पेन धुवून, वाळवून, टोपण न आवळता ठेवा.

निब खाली पडून पुढे वाकली तर वाकलेल्या टोकाने लिहून बघू नका. जिभेपासून किंचित उचललेली निब दोन बोटांत हलकेच दाबून परत बसते. पण टोकाशी पाती एकमेकांवर चढली असतील किंवा मणी उडाला असेल तर नवी निब घालणंच स्वस्त पडतं.